टोल्याचा आवाज

चऱ्होलीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस होतं. खाली दळण, वर आम्ही अठरा जण कानाला हेडफोन लावून बसलेले. दुपारी गिरणी सुरू झाली की आमची टेबलं बारीक थरथरायची आणि चहाच्या कपात वर्तुळं उठायची. खिडकीबाहेर नव्या सोसायट्यांचे सांगाडे आणि त्यांच्यामध्ये अडकून राहिलेलं ज्वारीचं एक वावर दिसायचं. भिंतीवर एक चकचकीत पोस्टर होतं. त्यावर वर जाणारा बाण, आणि बाणाच्या कडेने लिहिलेलं: कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा, क्लाउड, स्मार्ट कारखाना. खाली मोठ्या अक्षरात, उद्याची क्षेत्रं.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला एक साहेब येऊन हेच सांगून गेले होते. आयटी म्हणजे आता एकटी हिंजवडी राहिलेली नाही, नवी क्षेत्रं उघडतायत, बीए-बीकॉमच्या मुलांनाही दार मोकळं आहे. दार खरंच मोकळं होतं. मी बीए मराठी. दापोडीत आमच्या गल्लीत बातमी पसरली की पोरगी आयटीत लागली, आणि समोरच्या काकूंनी हक्काने पेढे मागितले.

काम काय होतं ते सांगते. चाकणच्या एका फाउंड्रीत ट्रकचे ब्रेक ड्रम ओतले जातात. ओतलेलं लोखंड थंड होताना कधीकधी त्याला केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक ड्रम एका लाकडी ठोकळ्यावर ठेवतात आणि छोट्या हातोडीने त्याला एक टोला देतात. ड्रम चांगला असेल तर तो खणखणीत वाजतो आणि आवाज लांबत जातो. चीर असेल तर बद्द वाजतो. टोला देणारा माणूस ऐकतो आणि खडूने ड्रमवर बरोबरची खूण किंवा फुली मारतो. हे ऐकण्याचं काम आता यंत्राला शिकवायचं होतं. फाउंड्रीने ठोकळ्यांवर मायक्रोफोन टांगले, खडूच्या खुणांसकट टोल्यांचे आवाज साठवले आणि आमच्या कंपनीकडे पाठवले. एकेक आवाज दोन सेकंदांचा. तो ऐकायचा, खडूच्या खुणेशी ताडून बघायचा आणि पडद्यावर ‘चांगला’ किंवा ‘चीर’ हे बटण दाबायचं. दिवसभर हेच. आम्ही दाबलेल्या बटणांवरून यंत्र शिकणार होतं.

त्या फाउंड्रीत तीन ठोकळे होते. त्यातल्या एका ठोकळ्यामागे सव्वीस वर्षं माझे वडील उभे होते.

हे काम आमच्याकडे आलं त्या संध्याकाळी मी घरी पळतच गेले. पप्पा जेवत होते.

“पप्पा, तुमचे टोले आलेत आमच्या ऑफिसात!”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला परत सांगावं लागलं. मग म्हणाले, “चांगलं वाजायलेत का?”

“एकदम खणखणीत.”

“मग बास. चुकलीस तर माझं नाव सांगू नको तिथं.”

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “ठोकून ठोकून ह्यांना घरात काही ऐकू येईना झालंय, आणि पोरगी तिकडं ह्यांचंच ठोकणं ऐकत बसणार. बरंय.” आम्ही तिघंही हसलो. आमच्याकडे हा रोजचा विनोद होता. गॅस संपला हे ऐकू येत नाही, टीव्हीवरची मॅच बरोबर ऐकू येते, असं आई म्हणायची. मॅच ते बघायचे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पप्पा मूळचे लातूरकडचे. बोलण्यात ते अजून उतरतं. गल्लीत त्यांना मान होता, पण त्याचं कारण फाउंड्री नव्हती, माठ होता. उन्हाळ्याच्या तोंडावर गल्लीतल्या बायका मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेच्या कुंभाराकडे जाताना पप्पांना सोबत न्यायच्या. पप्पा उकिडवे बसायचे, बोटाच्या पेराने माठाला एक टिचकी द्यायचे आणि “हा घ्या” किंवा “ठेवा खाली” एवढंच म्हणायचे. त्यांनी निवडलेला माठ गळला असं कधी झालं नाही. कुंभार त्यांना मास्तर म्हणायचा.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पप्पा युनियनमध्ये होते, पुढारी नव्हते. पुढारी बोलायचे, पप्पा लिहायचे. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, चित्रं काढली. नवं पत्रक लिहून झालं की पप्पा मला दाराशी उभं करायचे आणि स्वतः खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसायचे. “वाच. मोठ्यानं. मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.” मी वाचायचे. “परत वाच,” म्हणायचे. कंपनीच्या बसमध्ये चढायच्या आधी डबा हातात धरलेल्या माणसाचं वाचून व्हावं, इतकं ते लहान असायचं. त्यात एकही गोष्ट खोटी चालायची नाही. “एक खोटं निघालं ना, की साहेब लोक उरलेल्या नऊ खऱ्याला हसतेत.”

पुढे कायम कामगार कमी होत गेले, कंत्राटी पोरं आली, युनियनचं ऑफिस भाड्याच्या खोलीतून कुणाच्या तरी घरी गेलं. पत्रकं थांबली. पण वाचून दाखवणं थांबलं नाही. मी कॉलेजात काहीबाही लिहायला लागले तेही पप्पांना तसंच, दाराशी उभं राहून, मोठ्याने वाचून दाखवायचे. ते माझ्याकडे एकटक बघत ऐकायचे. इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही असं मला वाटायचं आणि मी फुशारून जायचे.

तर ऑफिसात. फाईलमध्ये प्रत्येक आवाजापुढे एक रकाना होता: ऑपरेटर एक, ऑपरेटर दोन, ऑपरेटर तीन. पप्पा ऑपरेटर तीन होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला. ज्यांच्या कानाची नक्कल करून हे यंत्र उभं राहणार, ज्यांच्या जिवावर आमच्या भिंतीवरचा बाण वर जाणार, त्यांचं नावसुद्धा त्यात नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, बोलावलं नाही. वरून मायक्रोफोन सोडला आणि विहिरीतून पाणी उपसावं तसं उपसून आणलं. मला राग आला. तो राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

मी तेच केलं जे आमच्या घरात करतात. एक पत्रक लिहिलं. त्यात म्हटलं: “ज्यांचा कान तुम्ही घेताय, त्यांना आकडा म्हणू नका. त्यांना इथे बोलवा, खुर्ची द्या, हे आवाज त्यांना ऐकवा. निर्णय त्यांचा असू द्या. आणि प्रत्येक निर्णयापुढे त्यांचं नाव लिहून तो अहवाल ग्राहकाला पाठवा, म्हणजे हे ज्ञान कुणाचं आहे ते कळेल.” ऑफिस सांभाळणाऱ्या सरांना मेल केला आणि एक प्रत पोस्टरच्या शेजारी चिकटवली.

माझ्या बाजूच्या टेबलावरची मैत्रीण दापोडीचीच. तिच्या अब्बूंचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. ती पत्रक वाचून म्हणाली, “आल्या, लीडर आल्या. आता संप कधी? मला त्या दिवशी पार्लरला जायचंय.”

“हसू नको. तुझ्या अब्बूंनाच कुणी ऑपरेटर चार म्हटलं असतं तर?”

“अब्बूंना? अब्बू असं बसून ऐकणारच नाहीत. गिऱ्हाईक फोनवर गाडीचा आवाज ऐकवतं ना, तर अब्बू म्हणतात, फोन ठेव आणि गाडी आण. गाडीवर बसल्याशिवाय त्यांना काही कळत नाही.”

मी ते कानाआड केलं.

आमचे सर अमरावतीचे, माझ्याहून चारेक वर्षांनीच मोठे. त्यांनी मला बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले. ते म्हणाले, “ताई, मस्त लिहिलंय. अनुभवी तज्ज्ञांकडून पडताळणी! हे क्लायंटला फार आवडेल. तिघांना बोलावून घेऊ. ऐकवू, निर्णय घेऊ, नावानिशी अहवाल पाठवू. तुमच्या तिन्ही मागण्या मान्य.” मी बाहेर आले ती हवेतच. पप्पांनी इतक्या वर्षांत इतकी पत्रकं लिहिली, त्यांतल्या एकाच्याही सगळ्या मागण्या अशा उभ्या-उभ्या मान्य झाल्या नव्हत्या.

घरी मी दाराशी उभं राहून पत्रक वाचून दाखवलं आणि मागणी मान्य झाल्याचं सांगितलं. पप्पांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा वाचला.

“मला कशाला? खडूच्या खुणा हायतच की.”

“पप्पा, तुमचं नाव लागणार आहे.”

“नावाचं काय लोणचं घालायचंय?”

मी भाषण दिलं. स्वतःच्याच वडिलांना. नाव म्हणजे काय, श्रमाची ओळख म्हणजे काय, हे सगळं मी त्यांना सांगितलं, ज्यांच्याकडून मी ते शिकले होते. ते माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “छापून चिकटवलंस?”

“हो.”

“मग यावं लागंल. लिहून दिल्यावर माघार न्हाई घ्यायची.”

शनिवारी तिघं आले. धुतलेले शर्ट, केसांना तेल, नवीन जागी जाताना माणसं बसतात तसे खुर्चीच्या कडेवर बसलेले. एक काका जुन्या चाकणचेच. ते एसीखाली हात धरून म्हणाले, “आरं तिच्या! आमी तिकडं भट्टीपाशी भाजून निघालो, आन् आमचा आवाज हितं गारव्यात बसलाय व्हय?” सगळे हसले. दुसरे काका कोकणातले, कमी बोलणारे. सरांनी तिघांना चहा दिला, फोटो काढला. मला फार बरं वाटत होतं.

पद्धत सोपी होती. हेडफोनमधून एकेक आवाज ऐकवायचा आणि ऐकणाऱ्याने ‘चांगला’ किंवा ‘चीर’ म्हणायचं. आवाज सोडण्याचं काम माझं, म्हणून दुसरा हेडफोन माझ्या कानाला. चाकणच्या काकांचे एक-दोनच चुकले, कोकणातल्या काकांचा एकही नाही. मग पप्पा बसले.

पप्पांचं पहिल्यापासून बरोबर येत होतं. एकेक उत्तर द्यायला ते जरा थांबायचे, माझ्याकडे बघायचे, मग म्हणायचे, “चांगला.” “चीर.” “चांगला.” मी मान डोलवत होते. वीसेक आवाज झाले असतील. सर मागे उभे होते. ते अगदी साधेपणाने म्हणाले, “ताई, तुम्ही जरा पाठ करून बसा. वडील आहेत ना तुमचे, क्लायंट उगाच विचारेल.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. मलाही ते पटलं. मी खुर्ची वळवली आणि पुढचा आवाज सोडला. बद्द. स्वच्छ चीर.

मागून पप्पा म्हणाले, “चांगला.”

पुढचा. तोही बद्द. “चांगला.” त्यापुढचा इतका खणखणीत की माझ्या दाताला झिणझिण्या आल्या. पप्पा थांबले. “चीर.”

“काका, आवाज वाढवू का?” सरांनी विचारलं. पप्पांनी उत्तर दिलं नाही. सरांनी त्यांच्या खांद्याला हात लावून परत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “वाढवा की साहेब. काय हाय, नवीन मशीन हाय.” सरांनी आवाज पूर्ण वाढवला. काही फरक पडला नाही.

मग मी वळून बघितलं. पप्पांचा डावा तळवा टेबलावर सपाट टेकलेला होता, बोटं पसरलेली. ठोकळ्यापाशी ते असेच उभे असतात. लहानपणी कंपनीच्या कौटुंबिक मेळाव्याला मी त्यांना तसं उभं बघितलं होतं: उजव्या हातात हातोडी, डावा तळवा ठोकळ्यावर. ड्रम हलू नये म्हणून असेल, असं वाटलं होतं. आता तो तळवा ऑफिसच्या टेबलावर काहीतरी शोधत होता. पण खालची गिरणी सुरू झाली होती. कपातल्या चहात वर्तुळं उठत होती. टेबलातून त्यांच्या हाताला फक्त दळण येत होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून आतापर्यंत ते उत्तरं वाचत होते. आताही त्यांनी वाचलं. हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बास करू साहेब. डोकं दुखायलंय.”

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. बसच्या आवाजात मी काही विचारणं शक्य नव्हतं, आणि ओरडून विचारायची ही गोष्ट नव्हती. मी मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलं: “पप्पा, कधीपासून?” आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग मी लिहीत गेले आणि ते माझ्या कानाशी वाकून बोलत गेले.

“सात-आठ वर्षं झाली असतील. आधी बारीक आवाज गेले. घड्याळाचा, पाखरांचा. मग टोल्याचं लांबणं गेलं. नुसतं ठप्प ऐकू यायचं. लई भ्यालो. आता चुकीचा माल जाणार, कुणाच्या तरी ट्रकचा ब्रेक जाणार. राजीनामा लिहिला होता मी. मग एक दिवस हात ठोकळ्यावर होता आणि ध्यानात आलं, हाताला येतंय. चांगला ड्रम मुंग्या सोडतोय हातात, लांबवर. चिरीचा लगेच मरतोय. राजीनामा फाडून टाकला. तवापासून एक बी ड्रम परत आलेला न्हाई.”

ते खरं होतं. मला ते दुसऱ्या कुणाहूनही जास्त माहीत होतं. महिनाभर मी त्यांच्या खडूच्या खुणा आवाजांशी ताडत होते, आणि त्यांत चूक सापडत नव्हती.

मी लिहिलं: “आम्हाला का नाही सांगितलं?”

“ऐकू येत न्हाई म्हणलं की ठोकळ्यावरून काढतेत.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आणि तू वाचून दाखवायचं बंद केलं असतंस.”

आमचं घर रेल्वेच्या कडेला आहे. गाडी आली की बोलणं अर्ध्यावर सोडायचं आणि गाडी गेली की पुढे सुरू करायचं, ही गल्लीची सवय. सगळेच ओरडून बोलतात. अशा घरात कुणाला किती ऐकू येतं हे कळत नाही. खोलीच्या टोकाला बसून मागच्या माणसाला ऐकू जाईल असं वाच म्हणणारा माणूस कधीतरी स्वतःच तो मागचा माणूस झाला होता, आणि मी त्याला रोज वाचून दाखवत होते.

सोमवारी अहवाल करायचा होता. तिघांची नावं आणि प्रत्येकापुढे किती बरोबर, किती चूक. तशी मागणी मीच केली होती. सर म्हणाले, “ताई, तुमच्या वडिलांच्या नोंदी यंत्राला शिकवायला वापरता येणार नाहीत, त्या काढून टाका. पण अहवालात ओळ ठेवावी लागेल.”

मी सरांशी भांडले. त्यांच्या खुणा दाखवल्या. हाताचं सांगितलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “खुणा बरोबर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ते ज्यावरून ठरवतात ते मायक्रोफोनमध्ये येत नाही. हाताचा डेटा आपल्याकडे नाहीये, ताई.”

“मग घ्या ना हाताचा डेटा.”

“तो वेगळा प्रोजेक्ट होईल.”

अहवाल मीच टाइप करत होते. चुकांचा आकडा बदलायला मला एक सेकंद लागला असता. कुणी तपासणार नव्हतं. मी पाठवला नाही, घरी गेले आणि पप्पांपुढे बसून, त्यांना माझे ओठ दिसतील असं, हळू बोलले. “पप्पा, मी ती ओळ बरोबर करू शकते. कुणाला कळणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करते.”

आई दोघांकडे बघत होती. तिला तोपर्यंत सगळं सांगून झालं होतं आणि ती त्या दिवसापासून विनोद करत नव्हती. ती म्हणाली, “कर म्हणा की तिला. रिटायर व्हायला तीनच वर्षं राहिलीत तुमची.”

पप्पांनी आईच्या ओठांवरून ते वाचलं. मग माझ्याकडे वळले. “माझी परीक्षा झाली. त्यात मी नापास झालो. जे झालंय ते लिही.” आणि म्हणाले, “खाली हाताचं बी लिही. ते बी झालंय.”

मी तळटीप लिहिली. ठोकळा, तळवा, मुंग्या, परत न आलेला माल. चांगली लिहिली होती. ग्राहकाकडून उत्तर आलं त्यात तळटिपेचा उल्लेख नव्हता. फाउंड्रीने पप्पांची कानाची तपासणी करून घेतली आणि त्यांना पॅकिंगमध्ये पाठवलं. तिथे ते खोक्यांना चिकटपट्टी लावतात. हातोडी कंपनीची होती, तिच्या मुठीला त्यांनी गुंडाळलेली सुती पट्टी तेवढी सोडवून घरी आणली, आणि आईने ती धुऊन दोरीवर वाळत घातली.

चार महिन्यांनी यंत्र लागलं आणि तिन्ही ठोकळे निघाले. चाकणचे काका गेटवर वॉचमन झाले, कोकणातल्या काकांनी नोकरी सोडली. म्हणजे पप्पांचा ठोकळा तसाही जाणारच होता, हे मी स्वतःला सांगत असते. पण ते सगळ्यांबरोबर गेले असते. खाली मान घालून एकटे गेले नसते. आणि त्यांना त्या खुर्चीत नेऊन बसवणारं पत्रक माझं होतं. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना मी आधी विचारलं नव्हतं, एवढंच. मला वाटलं होतं, त्यांच्या मनातलं मला माहीत आहे.

यंत्र शिकल्यावर आमचंही काम संपलं. अठरातले सात जण राहिले. मैत्रीण अब्बूंच्या दुकानात बिलं करते. मी राहिले. आता आम्ही दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यातले आवाज ऐकतो, बेअरिंगचे. पोस्टर तिथेच आहे. माझं पत्रक कधी निघालं ते लक्षात आलं नाही, टेपचे चार कोपरे भिंतीवर राहिलेत.

या उन्हाळ्यात आईने आम्हाला माठ आणायला पाठवलं. कुंभाराने पप्पांना बघून पुढ्यातले पाच माठ ओळीने मांडले. “या मास्तर. वाजवा.”

पप्पांनी हात मागे बांधले. “आज ही वाजवंल. आयटीत हाय. आवाजाचंच काम करती.”

कुंभार कौतुकाने हसला. मी उकिडवी बसले. टिचकी दिली, ऐकलं. पुढच्याला दिली. रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या. चौथा माठ मला खणखणीत वाटला. मी वर बघितलं. पप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“पप्पा, एकदा हात लावून बघा ना.” मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

“तू ऐकलंस ना? मग झालं.”

आम्ही तो माठ आणला. धुतला, भरला, ओट्याजवळच्या तिवईवर ठेवला. सकाळी उठले तेव्हा स्वयंपाकघरात पाणीच पाणी होतं. आई फडकं घेऊन वाकून पुसत होती. जमिनीकडे बघतच ती ओरडली, “कुणी वाजवून घेतला हा?”

पप्पा दारात बूट घालत होते. आईचं तोंड त्यांना दिसत नव्हतं, त्यांना ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी फरशीवरचं पाणी बघितलं. माझ्याकडे बघितलं.

“मी,” ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी आली. गाडी आली की थांबायचं ही आमची सवय, तशी मी थांबले. गाडी जाईपर्यंत पप्पा आत आले, उरलेलं पाणी त्यांनी बादलीत ओतलं, माठ मांडीवर घेतला. डावा तळवा त्याच्या पोटावर सपाट ठेवला आणि उजव्या हाताने एक टिचकी दिली. तळवा थोडा सरकवून आणखी एक. मग खिशात हात घातला. पॅकिंगमध्ये खडू लागत नाही, पण त्यांच्या खिशात खडू होता. चीर मला दिसत नव्हती. त्यांनी बरोबर जागेवर फुली मारली, माठ दाराबाहेर ठेवला आणि कंपनीची बस गाठायला निघून गेले.

आई अजून पुसत होती. मी तिच्याजवळ बसून तिला सांगितलं, माठ मी वाजवला होता.